शेडनेट दुपार सांभाळते, रात्र नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी संपत आला की शेतीच्या पुरवण्यांतून आणि बियाण्यांच्या दुकानांवरच्या फलकांवरून एकच सूर लागतो: शेडनेट उभारा, ठिबक टाका आणि भर उन्हाळ्यात फ्लॉवर, कोबी, मटार, कोथिंबीर काढा. मेमध्ये कोथिंबिरीची जुडी महागली की हा सूर आणखी चढतो. यातले कोथिंबिरीचे खरे आहे, फ्लॉवरचे अर्धे खरे आहे आणि मटारचे अजिबात खरे नाही. पण 'हिवाळी भाजी' म्हणून सगळी एकाच पोत्यात भरली जातात आणि घोटाळा होतो. भाजीपाला आणि रोपवाटिकेच्या कामात असलेले आम्ही काही जण हा फरक आकड्यांसह मांडू इच्छितो.

पन्नास टक्क्यांची जाळी ऊन निम्मे अडवते. तिच्याखाली दुपारची हवा उघड्या रानापेक्षा दोन-चार अंशांनीच उतरते. खरा फरक पडतो तो जमिनीच्या पाठीला. एप्रिल-मेच्या दुपारी उघडी कोरडी काळी जमीन वरच्या सेंटिमीटरभर थरात ५० अंशांपुढे जाते. जाळी आणि ओले पाचट (उसाचा वाळलेला पाला) यांच्याखाली तीच जमीन पस्तिशीच्या आसपास ठेवता येते. त्यामुळे बी उगवते, कोवळी मुळी भाजत नाही आणि पान दुपारी मान टाकत नाही. एवढे काम जाळी चोख करते. सूर्य मावळला की मात्र तिचा उपयोग संपतो. रात्रीची हवा जाळीखाली आणि जाळीबाहेर जवळपास सारखीच असते. बाजू बंद केल्या असतील तर पहाटे आत थोडे जास्तच उबदार लागते.

आणि हिवाळी भाज्यांचे घोडे अडते ते बहुतेक रात्रीपाशीच. दिवसभर पानाने केलेली साखर झाड रात्री श्वसनात जाळते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. मग गड्डा भरायला, मूळ पोसायला, दाणा धरायला शिल्लक काय राहणार? मेमध्ये पुण्याची रात्र साधारण २२-२३ अंशांवर उतरते, मुंबईची २७ वर अडकते, नागपूर-अकोल्याची २७-२८ च्या खाली क्वचित जाते, महाबळेश्वरची १७-१८ पर्यंत येते. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरमध्ये साधलेली गोष्ट अकोल्यात त्याच जाळीखाली का फसते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. त्यात जाळीचा किंवा शेतकऱ्याचा दोष नाही.

म्हणून पीक निवडताना आपण त्याचे काय खातो, हे आधी विचारावे. पान खायचे असेल आणि ते दीड महिन्याच्या आत कापायचे असेल तर उन्हाळ्यात हात घालायला हरकत नाही. गड्डा खायचा असेल तर वाण आणि तारीख पाहून. शेंग किंवा दाणा खायचा असेल तर थंडीची वाट पाहावी.

फ्लॉवरबद्दल सविस्तर लिहावे लागेल, कारण सर्वाधिक फसवणूक इथे होते. आपण ज्याला गड्डा म्हणतो तो फुलोरा धरण्याआधी थबकलेल्या हजारो कोवळ्या शेंड्यांचा गोळा असतो. झाड पानांवरून गड्ड्यावर कधी वळायचे हे तापमान पाहून ठरवते आणि प्रत्येक वाणाची ही पट्टी वेगळी असते. पुसा कातकी, पुसा दिपाली, अर्ली कुंवारी, पुसा मेघना ही हळवी (लवकर येणारी) वाणे २० ते २७ अंशांत गड्डा धरतात. इम्प्रूव्हड जॅपनीज, पुसा शरद, पुसा हिमज्योती या निमगरव्या (मध्यम मुदतीच्या) वाणांना १२ ते २० अंश लागतात. स्नोबॉल १६, पुसा स्नोबॉल के-१ ही गरवी (उशिरा येणारी) वाणे. यांना १० ते १६ अंशांचीच थंडी हवी. बाजारातले पांढरेशुभ्र, घट्ट, फोटोत शोभणारे गड्डे बहुतेक गरव्या जातकुळीचे असतात आणि शेतकरी नेमके तेच बी मार्चमध्ये मागतो. मग झाड गुडघाभर वाढते, पाने मोजता मोजता पुरेवाट होते, गड्डा येतच नाही. आला तरी त्यात मधून हिरवी पाने घुसलेली असतात, पृष्ठभाग रव्यासारखा दाणेदार होतो, कधी वर मखमलीसारखी लव येते, कधी जांभळी झाक. अशा मालाला लिलावात कोणी विचारत नाही. उलटी चूकही तितकीच होते. हळवे वाण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावले तर रोप पुरेसे वाढण्याआधीच त्याला गड्ड्याचा इशारा मिळतो आणि लिंबाएवढा गड्डा धरून ते बसून राहते. यालाच बटनिंग म्हणतात. शेतकरी बियाण्याला दोष देतो, दुकानदार पाण्याला, आणि वाण मात्र आपल्या स्वभावाप्रमाणे वागलेले असते.

हळव्या वाणांचा खरा हंगाम 'उन्हाळ्यात लावा, उन्हाळ्यात काढा' असा नाहीच. रोपे मेच्या उन्हात तयार करायची, जूनमध्ये पहिल्या पावसाच्या आसपास लागण करायची आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, बाजारात फ्लॉवर कमी असताना, गड्डा काढायचा. पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावर त्या काळात दिवस-रात्रीची सरासरी नेमकी २० ते २७ च्या पट्टीत बसते. थोडक्यात, उष्णतेशी खरी झुंज रोपवाटिकेतच द्यायची असते.

मेमधल्या त्या रोपवाटिकेबद्दल. दीड फूट बाय दीड फूट अंतराने एकरी सुमारे २०,००० रोपे बसतात. मर आणि नांग्या (रोप मेलेल्या रिकाम्या जागा) भरण्यासाठी दहा टक्के जास्त धरली तर ९८ कप्प्यांचे २२५ प्रोट्रे (रोपे वाढवायचे ट्रे) लागतात. ट्रेला सव्वा किलोच्या हिशेबाने कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पावणेतीन ते तीन क्विंटल. फ्लॉवरचे ग्रॅममध्ये साधारण ३०० बी भरते, म्हणजे ट्रेमध्ये एका कप्प्यात एक याप्रमाणे ७०-७५ ग्रॅम पुरते. गादीवाफ्यावर (उंच केलेल्या मातीच्या वाफ्यावर) हळव्या वाणाला एकरी २०० ते ३०० ग्रॅम लागते, कारण मेच्या उन्हात वाफ्यावरची निम्मीअधिक रोपे कोलमडतात हे गृहीतच धरलेले असते. संकरित बियाण्याचा भाव पाहता ट्रेचा खर्च इथेच निघतो.

बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकून ट्रे एकावर एक रचून कागदाने झाकण्याची पद्धत आहे. हिवाळ्यात ही चवड तीन-चार दिवस चालते. मेमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडून पाहिलीच पाहिजे. आत उष्णता कोंडते, कोंब रात्रीत लांबतो आणि पांढरा दोरा होऊन आडवा पडतो. पांढरे टोक दिसले की ट्रे जाळीखाली पसरावेत. काळ्या ट्रेखाली काळे मल्चिंग (प्लास्टिकचा कागद) अंथरू नये, मुळे पार भाजून निघतात. बांबूच्या मांडवावर किंवा पांढऱ्या गोणीवर ट्रे ठेवले तर खालून वारा मिळतो. पाणी सकाळी सातच्या आत आणि दुपारी चारनंतर, दोनदा, हलके. भर दुपारी रोपे मलूल दिसली म्हणून झारी घेऊन धावू नये. कोकोपीट आधीच ओले असेल तर ती मलूलता चारनंतर आपोआप जाते आणि वरून घातलेले पाणी फक्त बुरशीला आमंत्रण देते.

लागणीला रोप २२ ते २५ दिवसांचे, चार-पाच पानांचे असावे. पाऊस लांबला म्हणून चाळीस दिवसांचे रोप ट्रेत ठेवून मग लावले तर मुळे कप्प्यात वेटोळे घालून बसलेली असतात, वाढ खुंटते आणि हळव्या वाणातसुद्धा बटनिंग येते. पावसाचा भरवसा नसेल तर सगळे ट्रे एकदम टाकण्यापेक्षा दहा दिवसांच्या अंतराने दोन खेपा टाकाव्यात. शेवटचे पाच दिवस सकाळचे ऊन दाखवावे, पाणी थोडे तोडावे. लागण संध्याकाळी, आणि वाफा आदल्या दिवशी भिजवून वाफशावर (ओल आहे पण चिखल नाही असा) आलेला हवा. कोरड्या, तापलेल्या सरीत रोप टोचून मागून पाणी सोडले की मुळांभोवती अक्षरशः वाफ धरते.

गड्डा धरताना पाण्याचा ताण आणि बोरॉनची उणीव या दोन गोष्टी एकत्र येतात. आपल्या चुनखडीच्या जमिनीत बोरॉन असूनही कोरड पडली की ते मुळांना मिळत नाही. मग गड्डा तपकिरी पडतो, दांडा आतून पोकळ होतो. लागणीनंतर महिन्याने आणि गड्डा सुपारीएवढा असताना बोरॅक्स लिटरला १ ग्रॅम याप्रमाणे फवारावे. हाताने सढळ टाकू नये, बोरॉन जरा जास्त झाले तरी पानांच्या कडा जळतात. मॉलिब्डेनमची कमतरता, ज्यात पान चाबकाच्या वादीसारखे अरुंद होते, ती कोकणातल्या आम्ल जमिनीत दिसते, देशावर क्वचित. उन्हामुळे गड्डा पिवळा पडतो, म्हणून काढणीच्या चार-पाच दिवस आधी बाहेरची पाने गोळा करून वर सुतळीने सैल बांधावीत. घट्ट बांधली आणि पाऊस पडला तर आत पाणी साचून गड्डा कुजतो. गरम हवेत तयार गड्डा एक-दोन दिवसांत सुटा होतो, तेव्हा दरासाठी थांबणे परवडत नाही.

कोबीचे थोडक्यात सांगायचे तर पुसा अगेती हे वाण १५ ते ३० अंशांच्या पट्टीत गड्डा बांधते. गोल्डन एकर उन्हाळ्यात लावून उपयोग नाही. उकाड्यात कोबीच्या आतल्या पानांच्या कडा करपतात, त्याला कॅल्शियम आत न पोहोचणे कारणीभूत असते. बाहेरून कॅल्शियम फवारले तर ते बाहेरच्या पानावरच राहते. पाणी अनियमित होऊ न देणे हाच उपाय. गरम हवेत चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची पिढी दोन-अडीच आठवड्यांतच पुरी होते आणि एकाच कीटकनाशकाच्या पाठोपाठच्या फवारण्यांना अळी दाद देईनाशी होते. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावाव्यात, एक कोबीच्या लागणीआधी १५ दिवस आणि दुसरी लागणीनंतर २५ दिवसांनी. पतंग मोहरीवर अंडी घालतो. फवारणीचा जोर त्या ओळींवर ठेवावा, मुख्य पिकावर चार-पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क.

आता कोथिंबीर. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या बाजारात शेकडा जुड्यांवर लिलाव होतो आणि मे-जूनमध्ये तो आकडा असा उसळतो की पुढच्या वर्षी अख्ख्या शिवारात धणे पडतात. उन्हाळी कोथिंबिरीत खरी मेख उगवणीची आहे. धण्याला थंड, सतत ओली जमीन लागते. जमीन तिशीच्या पुढे गेली की उगवण घटत जाते, ३५ च्या पुढे बी ओले राहूनही झोपून राहते किंवा कुजते. किराणा दुकानातले धणे पेरू नयेत. ते कोणत्या वाणाचे, किती वर्षांचे हे कळत नाही आणि पत्र्याच्या गोदामात एक उन्हाळा काढलेल्या धण्याची उगवणशक्ती अर्ध्यावर आलेली असू शकते. पेरणीआधी शंभर फाका (रगडून दोन भाग केलेले धणे) ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत दहा दिवस ठेवाव्यात; साठच्या खाली उगवल्या तर ते बी परत करावे.

बी फळीवर पायताणाने किंवा विटेने हलके रगडून प्रत्येक धण्याच्या दोन फाका कराव्यात. जोर जास्त झाला तर आतला गर चिरडतो, म्हणून मूठभर रगडून पाहून मग पुढे जावे. बारा तास पाण्यात, पाणी एकदा बदलून. मग ओल्या गोणपाटात सावलीला एक रात्र आणि एक दिवस. मोड डोळ्याला दिसण्याआधीच पेरावे. मोड आलेले बी हाताळताना तुटते. एकरी २५ ते ३० किलो, ओळीत १५ सेंटिमीटर अंतर, खोली दीड ते दोन सेंटिमीटर, वेळ संध्याकाळची. वर पाचटाचा किंवा भाताच्या पेंढ्याचा पातळ थर, इतका की फटीतून माती दिसावी. पहिले दहा दिवस रेनपाइपने (तुषार उडवणाऱ्या छिद्रांच्या पाइपने) सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटे. वरचा दोन सेंटिमीटरचा थर एकदा जरी पूर्ण सुकला तरी फुगलेले बी मरते, आणि नंतर कितीही भिजवले तरी उठत नाही. उन्हाळी कोथिंबीर 'विरळ आली' म्हणतात ती बहुतेक अशी एखाद्या दुपारी, वीज गेली तेव्हा, मेलेली असते. पेंढा मात्र पहिले कोंब वाकून वर येताच, संध्याकाळच्या वेळी काढावा. दोन दिवस उशीर झाला तर रोपे पिवळी, लांबोडकी होतात आणि पेंढा उचलताना तुटून त्याबरोबरच येतात.

पुढचे सोपे आहे. विसाव्या दिवशी युरिया १ टक्का फवारावा किंवा पाण्यातून थोडा द्यावा, तोही तापल्या पानावर नाही. पस्तीस-चाळीस दिवसांत सहा-सात पाने आणि वीतभर उंची झाली की उपटावी. याच सुमारास उष्णतेमुळे झाड फुलावर यायला लागते. मधले पान बारीक, बडीशेपेसारखे चिरलेले निघाले की समजावे, आता चार दिवसच हातात आहेत. मग दर चढायची वाट पाहणारा दांडे विकतो. परदेशी माहितीत भाजी फुलावर येण्याचे कारण दिवस मोठा होणे असे ठळक छापलेले असते, पण पुण्यातला सगळ्यात मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आतच असतो. आपल्याकडे उष्णता आणि पाण्याचा ताण हीच कारणे मोठी.

पालकाच्या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्या बाजारातला पालक बीटाच्या कुळातला, ऑल ग्रीन किंवा पुसा ज्योती. तो उन्हात टिकतो, २५-३० दिवसांत पहिला कापा देतो. पाकिटावर परदेशी पालेभाजीचे चित्र असलेला विलायती पालक वेगळा. तो मार्चनंतर पानाआधी दांडाच काढतो. बी घेताना एवढा फरक विचारला तरी निम्मे नुकसान टळते. मुळ्यात पुसा चेतकी मार्चच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पेरता येते आणि ४०-४५ दिवसांत निघते. पन्नासाव्या दिवसापर्यंत ठेवली तर आतून भेंडासारखी होते. गाजराचा रंग १५ ते २० अंशांत उतरतो. उन्हाळ्यात उगवले तरी फिकट, दशीदार, मधला गाभा पांढरा. त्यापेक्षा पुसा वृष्टिसारखे उष्ण-दमट हवा सोसणारे वाण जुलैअखेर पेरावे. मेथीला मुंबईच्या किनाऱ्यावरच्या समुद्रमेथीने केव्हाच उत्तर दिलेले आहे: वाळूत दाट पेरायची आणि बोटभर वाढताच मुळासकट जुडी बांधायची. फुलावर यायला वेळच द्यायचा नाही.

आणि मेमध्ये नुसती हिरवी भाजीच हवी असेल तर तांदुळजा आणि माठ आहेतच. ही झाडे प्रकाशसंश्लेषण मका-उसाच्या पद्धतीने करतात, चाळीस अंशांत उलट जोमात येतात. त्यांना जाळी लावणे म्हणजे त्यांचेच नुकसान. पण माठाला लिलावात कोथिंबिरीचा दर मिळत नाही, हेही खरे.

मटारबद्दल एवढेच की दिवसाचे तापमान तिशीच्या वर राहिले की फूल गळते, शेंग आली तरी दाणे दोन-तीनच. पुरंदर तालुक्यात सासवड-दिवे भागात जून-जुलैत पेरून पावसाळ्याच्या ढगाळ गारव्यात वाटाणा काढतात. उष्ण प्रदेशात वाटाण्याचा बिगरहिवाळी हंगाम शोधायचा तर तो असा, उंची आणि ढग पाहून. एप्रिलमध्ये जाळीखाली मटार ही कल्पना कोणी मांडली तर त्याला आधी शेंगा दाखवायला सांगावे.

जाळीबाबत दुकानात हिरवी, तीही ७५ टक्क्यांची, खपवली जाते. ७५ टक्के ही रोपवाटिकेतल्या शोभेच्या झाडांची जाळी. तिच्याखाली पालेभाजी लांबते, पान पातळ होते, जुडी वजनाला भरत नाही. पालेभाजीला ५० टक्के, फ्लॉवर-कोबीला ३५ टक्के पुरते. पांढऱ्या जाळीतून प्रकाश विखरून येतो, तिला प्राधान्य द्यावे. काळी स्वतः तापते, म्हणून ती जमिनीपासून दहा फुटांवर तरी हवी. चार फुटांवर ताणलेली कोणतीही जाळी भट्टी करते. बाजू मोकळ्या ठेवाव्यात, पश्चिमेची मात्र दुपारी तीननंतर खाली सोडता येईल अशी. आणि वळवाचे ढग आले की जाळी गुंडाळावी. ढगाळ आठवड्यात ती तशीच राहिली तर पीक उन्हाने नाही, अंधाराने खराब होते. वादळी वाऱ्यात ताणलेली जाळी खांबांसकट जाते, हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

पाण्याचा हिशेब तर कोणीच छापत नाही. एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. मेमध्ये उघड्यावर भरलेल्या पिकाला रोज ७-८ मिलिमीटर लागते, म्हणजे २८ ते ३२ हजार लिटर. जाळी आणि आच्छादनाखाली ५ मिलिमीटर धरले तरी २० हजार. चार फुटांवर लॅटरल (ठिबकची नळी), तिच्यावर ४० सेंटिमीटरवर ताशी २ लिटरचे ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी), तर एकरात ८,४०० ड्रिपर, तासाला १७ हजार लिटर. म्हणजे रोज सव्वा तास, तोही पहाटे आणि संध्याकाळी विभागून. मेमध्ये विहिरीला एवढे पाणी आहे का, हे जाळीची ऑर्डर देण्याआधी पाहावे. नसेल तर अर्धा एकर करावा. लॅटरल उघडी असेल तर दुपारी तिच्यातले एकरी पाचेकशे लिटर पाणी चटका बसण्याइतके तापते, म्हणून ती पाचटाखाली असावी. रेनपाइपचे तोंड दुपारी सोडले तर तेच पाणी थेट पानावर पडते. लागणीच्या पिकात पाचट ५ ते ७ सेंटिमीटर जाड पसरावे. ते मातीत मिसळले गेले तर कुजताना नत्र ओढते आणि पीक पिवळे पडते, तेव्हा ते वरच राहू द्यावे.

गच्चीवर भाजी करणाऱ्यांसाठी दोन ओळी. तिथे काळ्या पिशवीच्या कडेचे मूळ भाजणे हाच मुख्य शत्रू. पिशवीला बाहेरून पांढरे गोणपाट गुंडाळावे, ती फरशीवर न ठेवता विटांवर ठेवावी आणि सकाळी अकरापर्यंतच ऊन येईल अशी पूर्वेची जागा निवडावी. टाकीचे पाणी संध्याकाळी हात घालून पाहूनच द्यावे. लेट्यूसचे बी २५-३० अंशांच्या वर उगवतच नाही; ओल्या कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून मग पेरावे, आणि पान कोवळे असतानाच तोडावे. नंतर दांडा फुटतो आणि पांढऱ्या चिकामुळे ते कडू होते.

आता मागणी. बियाणे कायदा, १९६६ नुसार पाकिटावर उगवणीची टक्केवारी, शुद्धता, चाचणीची तारीख छापावी लागते. फ्लॉवर आणि धणे या दोन्हींना प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ६५ टक्के ठरलेली आहे. पण ती प्रयोगशाळेतल्या ठरावीक, सौम्य तापमानातली. चाळीस अंशांच्या मातीत तो आकडा लागू होत नाही आणि हे पाकिटावर कुठे लिहिलेले नसते. गड्डा किती अंशांना धरतो, पेरणी कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, हे मराठीत ठळक छापणे बंधनकारक करावे. दुकानदाराने शिफारस केलेले वाण बिलावर नावासह लिहून द्यावे. नुकसानभरपाईच्या तक्रारीत पहिला प्रश्न तोच येतो आणि बिलावर नुसते 'फ्लॉवर बी' असते.

आपल्या दैनिकाकडूनही एक अपेक्षा आहे. हवामानाच्या चौकटीत आपण जिल्ह्याच्या शहराचे कमाल तापमान मोठ्या अक्षरात छापता, किमान बारीक. हवामान विभागाच्या जिल्हावार कृषी सल्ल्यात, जो मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, पुढच्या पाच दिवसांच्या किमान तापमानाचा अंदाज असतो. फेब्रुवारी ते जून एवढे पाच महिने तो आकडा शेतीच्या पानावर दिला तर रोपे टाकायची की थांबायचे, हे शेतकऱ्याला त्यावरून ठरवता येईल.

आपले,
जुन्नर परिसरातील काही भाजीपाला उत्पादक व रोपवाटिकाधारक